सूर सगळे बरोबर, तरी गिटारची फ्रेज हार्मोनिकावर का बसत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाहीये ना ते कळेल. सी कीची (म्हणजे सी पट्टीची) दहा होलची डायटॉनिक, एकाच पट्टीची साधी हार्मोनिका, दोन-अडीच वर्षं वाजवताय. सेकंड पोझिशन (हार्मोनिकाच्या पट्टीच्या पंचमाला सा धरून वाजवणं) आणि ड्रॉ बेंड (हवा आत ओढताना सूर खाली दाबणं) बऱ्यापैकी हातात आलेत. ब्लूजवाला टी-बोन वॉकर आणि जॅझवाला चार्ली ख्रिश्चन यांचे गिटार सोलो टॅबवरून (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट दाबायचा ते लिहिलेल्या कागदावरून) एकेक सूर करून हार्मोनिकावर बसवताय. ट्यूनर म्हणतो सगळं ठीक आहे, पण स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की कुणी पाढे म्हणतंय असं वाटतं. आणि शेवटी विचारलंय, की आता ओव्हरब्लो (डायटॉनिकवर एरवी न मिळणारे सूर फुंकून काढायची युक्ती) शिकू की सरळ क्रोमॅटिक (बटण दाबून अर्धे सूरही देणारी हार्मोनिका) घेऊ.

दोन्ही जरा बाजूला ठेवा, त्यावर शेवटी येतो. तुमच्याकडे सुरांची कमतरता आहे असं मला तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. गिटार जे काही करते त्यातले फक्त सूर तुम्ही उचललेत. सूर कसा सुरू होतो, किती वेळात विझतो, दोन सुरांमधला जोड कसा आहे आणि फ्रेज कुठे थांबते, हे सगळं टॅबमध्ये उतरत नाही. तेच राहून गेलंय.

एक कबुली आधीच देतो. यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही घरी बॅकिंग ट्रॅकवर वाजवता की बँडमध्ये, बँडमध्ये दुसरा गिटारवाला आहे की नाही, ओठ आवळून वाजवता की जीभ लावून, त्यावर उत्तर थोडं थोडं बदलेल. आणि हातात बारीक कंप असलेली, दोन-दोन रीडची ट्रेमोलो असेल (आपल्याकडे ‘माऊथ ऑर्गन’ म्हणून दुकानात बहुतेक वेळा तीच मिळते), तर पुढचं काहीच लागू नाही, कारण तिच्यावर बेंड होत नाहीत. तुमचे बेंड होतायत, म्हणजे तो प्रश्न नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट अशी, की हे गिटारवाले स्वतः गिटारसारखं वाजवतच नव्हते. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, १९४२ मध्ये क्षयाने गेला, वय पुरतं सव्वीसही नव्हतं. एवढ्या काळात त्याने इलेक्ट्रिक गिटारला जी भाषा दिली ती मुळात टेनर सॅक्सोफोनची होती. लेस्टर यंगचं वाजवणं त्याच्या कानात मुरलेलं होतं. टी-बोनच्या १९४७ च्या रेकॉर्डिंगमध्ये मागे ट्रम्पेट आणि सॅक्स आहेत, आणि त्याची गिटार त्यांच्यातलीच एक असल्यासारखी बोलते. दुसऱ्या बाजूने पाहा. हार्मोनिकावाल्या लिटल वॉल्टरने १९५२ मध्ये ‘ज्यूक’ वाजवलं तेव्हा त्याच्याही कानात लुई जॉर्डनचा सॅक्सच होता. म्हणजे गिटार आणि हार्मोनिका या दोघी एकाच घरातून शिकून आल्यात. तुम्ही एकीच्या वहीतून दुसरीच्या वहीत उतरवून घेताय. त्यापेक्षा मूळ घरी जा. ज्या फ्रेजवर अडलात ती आधी सॅक्सवाला कशी फुंकेल ते मनात ऐका, तोंडाने म्हणा, आणि मग हार्मोनिका तोंडाला लावा.

तोंडाने म्हणण्यावर माझा फार भर आहे. गाताना माणूस आपोआप श्वास घेतो, आणि फ्रेजमध्ये जागा कुठे आहे ते तिथेच कळतं. गिटारवाल्याला श्वासाची अडचण नसते, त्यामुळे टॅबमध्ये श्वासाची खूण कधीच नसते. चांगले गिटारवाले तरीही श्वास घेतल्यासारखे थांबतात. ते थांबणं टॅबमध्ये फक्त मोकळी जागा म्हणून दिसतं आणि आपण ते गिळून टाकतो.

आता सुराचा आकार. तारेवर पिक पडली की सूर जन्मतो तेव्हाच सगळ्यात मोठा असतो, आणि त्या क्षणापासून विझत जातो. हार्मोनिकाचं उलट आहे. आपल्या पेटीसारखीच ती मोकळ्या रीडची: हवा लागली की रीड क्षणभर उशिरा बोलते, आणि एकदा बोलली की हवा आहे तोवर त्याच आवाजात बोलत राहते. तुम्ही अर्ध्या मात्रेचा सूर पूर्ण अर्धी मात्रा सारख्या जोराने धरता, पुढचा तसाच, त्याच्या पुढचा तसाच. तुम्हाला जे पाढे ऐकू येतायत ते हेच.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही कंटाळवाणे आहेत. एक, सुराची सुरुवात टोकदार करा. जीभ टाळूला लावून ‘त’ म्हणत सूर काढा, किंवा जीभ लावून वाजवत असाल तर तीन-चार होल तोंडात घेऊन त्यातल्या डावीकडच्या होलांवर जीभ आपटा. क्षणभर कॉर्ड ऐकू येते आणि लगेच एकच सूर उरतो. टी-बोन पिक बंद तारांवरून खरवडत नेऊन सुरावर आणतो, त्याची हार्मोनिकावरची सगळ्यात जवळची नक्कल हीच आहे. दोन, सूर काढल्या काढल्या हवा कमी करा. सूर लांब असला तरी शेवटाकडे तो बारीक होत गेला पाहिजे. रोज दहा मिनिटं एकाच सुरावर, चार ड्रॉ घेऊन (म्हणजे चौथ्या होलमधून हवा आत ओढून; ब्लो म्हणजे फुंकून), एवढंच करा. घरचे वैतागतील.

सूर कुठले, याचंही थोडं बोलायला हवं. हार्मोनिकावाले सेकंड पोझिशनमध्ये आधी ब्लूज स्केल शिकतात. सी हार्मोनिकावर सेकंड पोझिशन म्हणजे जी, आपल्या भाषेत पांढरी पाच. जीला सा धरला तर ती ब्लूज स्केल म्हणजे सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि. तीव्र मध्यम सोडला तर जवळजवळ धानीचे सूर. शिकागोच्या ब्लूजला ते चपखल बसतात. जंप ब्लूजचा (सॅक्स-ट्रम्पेटच्या साथीतला, नाचरा ब्लूज) गिटारवाला मात्र घराबाहेर पडतो तेच भूपाचे सूर घेऊन: सा रे ग प ध. धैवत आणि रिषभ हे त्याचे खास मुक्काम, कारण त्याच्या कॉर्डच सिक्स्थ आणि नाइन्थ, म्हणजे मूळ सुरापासूनचा सहावा किंवा नववा सूर मिळवलेल्या, असतात. कोमल ग आणि कोमल नि तो वरून मसाल्यासारखे टाकतो. (राग आणि स्केल एक नव्हेत हे मलाही माहीत आहे, जाणकारांनी माफ करावं. कानाला चटकन ओळख पटावी म्हणून हे नाव घेतोय.)

आणि मौज बघा, हा भूप सेकंड पोझिशनमध्ये मधल्या सप्तकात एकही बेंड न करता मिळतो. चार ड्रॉ प, पाच ब्लो ध, सहा ब्लो सा, सहा ड्रॉ रे, सात ड्रॉ ग. आठवडाभर तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचला लावून फक्त या पाच सुरांत फिरा. बेंडची सवय इतकी लागलेली असते की बेंडशिवाय वाजवलं तर ब्लूज होणारच नाही असं वाटतं. होतो.

कोमल गंधाराबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक सगळ्यांची गाडी इथेच घसरते. तीन ड्रॉ हा शुद्ध ग. तोच अर्धा सूर खाली बेंड केला की कोमल ग. गिटारवाला कोमल गवर बोट ठेवून पिक मारतो आणि लगेच दुसरं बोट एका फ्रेटवर पुढे आपटतो. कोमल ग ऐकू आला न आला तोच शुद्ध ग लागलेला असतो. आपण हार्मोनिकावर काय करतो? तीन ड्रॉ खाली दाबतो आणि सावकाश, रसरसून सोडतो. ती झाली मींड. इथे मींड नको, कणस्वर हवा. मींड घेतली की फ्रेज एकदम शिकागोची, रडवेली होते, ती नाचत नाही. बेंड आधीच तोंडात तयार ठेवा, म्हणजे जीभ मागे घेतलेली, आणि सूर सुरू झाल्याबरोबर सोडून द्या. ‘इउ-ई’ असं लांबवू नका, ‘यी’ म्हणा, इतकंच. हे एक जमलं की निम्मं काम झालं असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगतो, आणि मग पुढचे तीन महिने तेच करून घेतो.

आता श्वास. गिटारवर फ्रेज म्हणजे बोटांचा एक आकार असतो. हार्मोनिकावर फ्रेज म्हणजे आत-बाहेरचा एक आकार असतो. गिटारवर जे सोपं ते इथे अवघड असू शकतं, आणि उलटही. दिशा बदलली की नवा सूर आपोआप तुटून येतो, जणू प्रत्येकावर पिक पडली. दिशा तीच राहिली की सूर एकमेकांत घरंगळतात, जणू बोट न उचलता सरकवलं. त्यामुळे ड्रॉ-ब्लो-ड्रॉ-ब्लो अशी ओळ आपल्या मनात नसतानाही खडखडीत होते आणि सगळी ड्रॉची ओळ गुळगुळीत. कुठे जिभेने तोडायचं आणि कुठे जोडायचं हे मूळ रेकॉर्ड ऐकून तुम्हीच ठरवायचं. ख्रिश्चन बहुतेक वरून खाली जाणाऱ्याच स्ट्रोकने वाजवायचा असं सांगतात, म्हणून त्याचे सूर जवळजवळ सगळे सुटे आणि वजनदार येतात. तिथे ड्रॉच्या ओळीतही प्रत्येक सुरावर ‘त’ लागेल. टी-बोन जास्त घरंगळतो.

एक छोटी फ्रेज घेऊ. माझीच आहे, कुठल्या रेकॉर्डवरची नाही. जी मध्ये, मध्यम लयीचा शफल, म्हणजे झोक्याचा ठेका. चार मात्रांचा एक बार. पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेच्या ठोक्यावर गप्प राहा. त्याच मात्रेच्या ‘आणि’वर, म्हणजे तिच्या दुसऱ्या भागावर, चार ड्रॉ. मग ओळीने पाच ब्लो, सहा ब्लो, सहा ड्रॉ, सहा ब्लो, पाच ब्लो, चार ड्रॉ. इथे बार संपतो. दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर कणासकट तीन ड्रॉ, आणि तिच्या ‘आणि’वर दोन ड्रॉ, आखूड. प ध सा रे सा ध प ग सा. नऊ सूर. त्यानंतर दुसऱ्या बारच्या उरलेल्या तीन मात्रा काहीही वाजवायचं नाही. बसून राहायचं. तुम्हाला हात शिवशिवतील, पण तीन मात्रांची ती शांतता फ्रेजचाच भाग आहे.

या फ्रेजमध्ये दोन गोष्टी बघा. ती समेवर सुरू होत नाही आणि समेवर संपतही नाही. आपल्या कानाला सम गाठायची इतकी ओढ असते की पहिल्या मात्रेवर ग लागला की तिथेच बसावंसं वाटतं. तिथे न बसता पुढच्या अर्ध्या मात्रेवर सा टाकून उठून जायचं. दुसरं, श्वास: आत, बाहेर-बाहेर, आत, बाहेर-बाहेर, आत-आत-आत. छाती भरतही नाही, रिकामीही होत नाही. अशा फ्रेज सापडल्या की वहीत लिहून ठेवा.

आणि स्विंग. मात्रेचे तीन भाग करा, पहिला सूर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. हा मध्यम लयीचा हिशेब. लय वाढली की सूर समसमान होत जातात आणि झोका फक्त सुरांच्या कमी-जास्त जोरात उरतो, म्हणजे ‘आणि’वरचा सूर किंचित ठासून. ख्रिश्चनच्या जलद ओळी ऐका, जवळजवळ सरळ आहेत. हे काही आपल्याला परकं नाही. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) काळात चिक चॉकलेटसारखे गोव्याचे ट्रम्पेटवाले मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी वाजवत होते. तो झोका लहानपणापासून रेडिओवर ऐकलेला आहे, फक्त वाजवताना आठवत नाही.

आता माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ख्रिश्चनच्या धाटणीची एक अख्खी बारा बारची ओळ बसवली. दोन ओव्हरब्लोसकट. तीन महिने घासली. पुण्यात एका जॅममध्ये वाजवली आणि सातव्या बारला माझा चेहरा लाल झाला, आठव्याला मी थांबलो. गिटार वाजवणारा मित्र नंतर म्हणाला, “अरे, तू श्वास घेतोस कधी?” मी म्हटलं, “घेतच होतो रे. सोडायला जागा नव्हती.”

हे गिटारवाल्याला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. सेकंड पोझिशनमध्ये दम संपत नाही, दम साठतो. त्या ओळीत चार ते सात ड्रॉची रेलचेल होती. याला कारण आहे आणि ते सुंदर आहे. स्विंगचे गिटारवाले जी सेव्हन कॉर्डवर डी मायनर सिक्स्थचा आकार पकडून त्यातून ओळी काढतात: डी, एफ, ए, बी. त्या चार सुरांखाली बेसवाल्याने जी दिला की झाली जी नाइन्थ. आता सी हार्मोनिकाचे चार, पाच, सहा, सात ड्रॉ बघा: डी, एफ, ए, बी. जसाच्या तसा आकार, एकाच श्वासात. गिटारवाल्याने वर्षभर शिकून मिळवलेली चतुराई या वाद्याच्या रचनेतच आहे. म्हणून या ओळी हार्मोनिकावर मोहात पाडतात, आणि म्हणूनच छाती फुगते.

मी आता तीन गोष्टी करतो. अशी ओळ सुरू करताना छाती अर्धी रिकामी ठेवतो. सा जिथे जिथे येतो तिथे दोन ड्रॉऐवजी तीन ब्लो घेतो. सूर तोच आहे, पण हवा बाहेर जाते. आणि मोकळ्या मात्रांत नाकाने हवा सोडतो, श्वास घेत नाही. नवशिके थांबले की सवयीने श्वास घेतात आणि पुढच्या फ्रेजला आणखी फुगतात.

दोन ड्रॉ आणि तीन ब्लो एकच सूर, हे आणखी एका ठिकाणी कामाला येतं. टी-बोन तोच सूर दोन शेजारच्या तारांवर आळीपाळीने वाजवतो, खालच्या तारेवर सरकत येऊन वरच्या तारेवरच्या त्याच सुराला भिडतो. चक बेरीने ते पुढे जगभर नेलं. त्याच्या १९५८ च्या ‘जॉनी बी. गुड’ची प्रसिद्ध सुरुवात तर लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगन या गिटारवाल्याच्या १९४६ च्या रेकॉर्डवरून घेतलेली आहे. टॅबवरून हे उतरवताना लोक एकाच होलवर टुकटुक करत बसतात. त्याऐवजी दोन ड्रॉ किंचित दाबून सोडा आणि लगेच तीन ब्लो, पुन्हा दोन ड्रॉ, पुन्हा तीन ब्लो. सूर एक, पण दोन्हींचा रंग वेगळा. ड्रॉचा जाड, ब्लोचा मोकळा. दोन तारांत जो फरक ऐकू येतो तोच.

कॉर्डचंही असंच. टी-बोनच्या ‘स्टॉर्मी मंडे’मधली ती दोन फ्रेटची कॉर्डची घसरण तुम्ही नक्की बसवायचा प्रयत्न केला असणार. जी सिक्स्थवरून जी नाइन्थवर, तोच आकार दोन फ्रेट खाली. वरचे तीन सूर ई-जी-बी वरून डी-एफ-ए वर उतरतात. हार्मोनिकावर तिन्ही मिळत नाहीत, पण त्यातले दोन मिळतात: पाच-सहा ब्लो म्हणजे ई आणि जी, चार-पाच ड्रॉ म्हणजे डी आणि एफ. एक होल डावीकडे सरकायचं आणि श्वास उलटा करायचा. वरच्या सप्तकात तर सरकायचंही नाही: आठ-नऊ ब्लो, आठ-नऊ ड्रॉ. मला हे सापडलं त्या दिवशी मी संध्याकाळभर दुसरं काही वाजवलं नाही. तिसरा सूर नाही म्हणून हळहळू नका, कानाला घसरण कळली की तो मनातच भरून घेतो. आणि पूर्ण जी नाइन्थ हवीच असेल तर दोन ते सहा ड्रॉ एकदम ओढा: जी, बी, डी, एफ, ए. ड्रॉची रांगच नाइन्थ कॉर्ड आहे.

पण हे सगळं पहिल्या कॉर्डवर, म्हणजे जीवर. बारा बारच्या ब्लूजमध्ये पाचव्या बारला सी आला की ही युक्ती चालत नाही, तिथले जोडसूर हार्मोनिकावर एका दिशेला येत नाहीत. तिथे एकेरी सूर वाजवा. महत्त्वाचा सूर एकच: शुद्ध ग आता कोमल ग होतो, कारण सी सेव्हनमध्ये बी फ्लॅट आहे. इथे मात्र कण नको. तीन ड्रॉचा अर्धा बेंड सुरात, स्थिर, धरलेला हवा. पहिल्या कॉर्डवर कणासारखा उडून गेलेला कोमल ग चौथ्या कॉर्डवर, म्हणजे सीवर, बसून राहिला की ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलली हे बेसशिवायही कळतं. डी आला, नवव्या बारला, की मी उतरती ओळ घेतो: पाच ब्लो, चार ब्लो, तीन ड्रॉ पूर्ण सूर बेंड, दोन ड्रॉ अर्धा सूर बेंड, आणि मग दहाव्या बारला दोन ड्रॉ किंवा चार ब्लो, खाली जी वाजतोय की सी ते बघून. ध म रे नि. शुद्ध निषाद आपल्या हार्मोनिकावर सहज कुठे सापडत नाही, तो या दोन ड्रॉच्या अर्ध्या बेंडमध्ये आहे. तो आणि तीन ड्रॉचा पूर्ण बेंड हे दोन्ही बेसूर व्हायला सोकावलेले असतात. रोज तानपुऱ्यावर तपासा.

इथपर्यंत आलात तर तुमच्या टॅबचं काय करायचं ते सांगतो. फेकू नका. सोलोमधली एकच दोन बारची फ्रेज घ्या. मूळ रेकॉर्ड मंद करून ऐका, टॅब बंद. तोंडाने म्हणता येईपर्यंत वाद्याला हात नाही. मग फ्रेजचा पहिला सूर, सगळ्यात वरचा सूर आणि शेवटचा सूर हार्मोनिकावर शोधा. हे तीन पक्के. मधले जे सूर तोंडाच्या वाटेवर सहज येतात ते घ्या, जे ओढूनताणून आणावे लागतात ते गाळा. दहातले सात राहिले तरी फ्रेज तीच वाटते, पण शेवटचा सूर पाव मात्रा जरी हलला तरी ती दुसरीच होते. मग तीच फ्रेज वेगळ्या सप्तकात करून बघा. पुष्कळदा ओव्हरब्लोची अडचण तिथेच मिटते: मधल्या सप्तकात कोमल ग नाही, पण खालच्या सप्तकात तीन ड्रॉवर आहे, मग फ्रेजच खाली उतरवा. गिटारवालाही हात अडला की दुसऱ्या ठिकाणी वाजवतो, आपल्याला तो अधिकार का नसावा?

म्हणजे ओव्हरब्लो शिकूच नका का? शिका, पण एका सुरासाठी शिका. सहा ओव्हरब्लो म्हणजे मधल्या सप्तकातला कोमल ग. हार्मोनिकाची रीड नीट बसवलेली असेल तर तो सगळ्यात आधी येणारा आहे. पाच ओव्हरब्लो म्हणजे शुद्ध नि. या दोनपलीकडे जंप ब्लूजमध्ये मला कधी फारसं काही लागलं नाही. हॉवर्ड लेव्हीने ओव्हरब्लोवर अख्खं क्रोमॅटिक वाजवणं उभं केलं, ते अफाट आहे, पण तो स्वतंत्र रस्ता आहे. आणि सहा ओव्हरब्लोवर कण येत नाही तोवर तो बँडसमोर काढू नका, कारण नुसता लांब धरलेला ओव्हरब्लो चहाच्या किटलीसारखा ऐकू येतो.

क्रोमॅटिकचं म्हणाल तर, घ्या, पण गिटारचे सगळे सूर मिळतील म्हणून नको. घ्या ती बटणासाठी. सी क्रोमॅटिकचे चार होल ओढले की पुन्हा तेच: डी, एफ, ए, बी. बटण दाबून ओढलं की तेच चार सूर अर्ध्या सुराने वर. म्हणजे बटण दाबून कॉर्ड सुरू करायची आणि सोडून द्यायची: गिटारवाला नाइन्थचा आकार एक फ्रेट वरून सरकवत आणतो ना, तीच हालचाल, पूर्ण कॉर्डसकट. डायटॉनिकवर ते होत नाही. जॉर्ज ‘हार्मोनिका’ स्मिथ आणि त्याच्याकडून शिकलेला विल्यम क्लार्क यांचं थर्ड पोझिशनमधलं, डीमधलं क्रोमॅटिक ऐका. त्यात बटणावर तुटून पडलेलं कुणी नाही. ते बहुतेक वेळ ओढतच असतात आणि जागा बघून बटण टेकवतात. जॅझमध्ये पुढे जायचं असेल तर टूट्स थीलेमन्स आहेच. तो जॉर्ज शिअरिंगच्या क्विंटेटमध्ये गिटारही वाजवायचा, दोन्ही वाद्यं एकाच माणसाच्या हातात होती. त्याचे सूर मोजू नका, तो कुठे गप्प बसतो ते ऐका.

राहिली बँडची गोष्ट. गिटारवाला असेल तर त्याच सप्तकात त्याच फ्रेज वाजवू नका, तो वाजवून थांबला की उत्तर द्या, किंवा त्याच्या सोलोमागे तीन सुरांची एकच रिफ सॅक्सच्या जोडीसारखी धरून ठेवा. लिटल चार्ली अँड द नाइटकॅट्स ऐका: चार्ली बेटी स्वतः आधी हार्मोनिका वाजवायचा, मग गिटारकडे वळला, आणि हार्मोनिकावर रिक एस्ट्रिन. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. आणि फक्त सी हार्मोनिकावर बसू नका. ही गाणी हॉर्नवाल्यांच्या सोयीने बी फ्लॅट, एफ, ई फ्लॅट अशा कीमध्ये भरपूर असतात. सेकंड पोझिशनला बी फ्लॅटसाठी ई फ्लॅटची, एफसाठी बी फ्लॅटची, ई फ्लॅटसाठी ए फ्लॅटची हार्मोनिका लागेल. पुढची एकच घेणार असाल तर बी फ्लॅटची घ्या. सीपेक्षा एक सूर खालची आहे, तिच्या खालच्या रीड थोड्या सावकाश बोलतात, आणि ‘त’ खरंच लागतोय का ते ती लगेच दाखवते.